रोझरी म्हणताना 'मरणाच्या वेळी' इथे जीभ अडते

सोनचाफा:
मी नंदाखालची, वसईकडची. वय ५१, मराठी शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात शाळेचा जिना चढताना छाती भरून आली. तपासणीत तीन ठिकाणी ब्लॉक निघाले. १८ तारखेला बायपास आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरले आहे.

रात्री तीनला जाग येते आणि मी उशाखालची रोझरी, म्हणजे आमची जपमाळ, काढते. आमच्या घरी लहानपणापासून संध्याकाळी रोझरी. मरियामातेच्या प्रार्थनेचा पहिला भाग 'नमो मरिये' एकाने म्हणायचा, दुसरा 'पवित्र मरिये' बाकीच्यांनी मिळून. त्या दुसऱ्या भागात 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' येतं, एका रोझरीत ५३ वेळा. इतकी वर्षं ते घोळक्यात म्हटलं, कधी ऐकलंच नाही. आता एकटी म्हणते तर नेमकी तिथेच जीभ अडते.

दुखण्याचं भय नाही हो, दोन बाळंतपणं झालीत. भीती मी नसण्याची आहे. पहाटे वाडीत कुणीतरी चाफ्याच्या कळ्या तोडत असेल आणि ती मी नसेन, हा विचार आला की हातपाय गार पडतात. दोन नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लावताना मीच मुलांना सांगत आले, ही माणसं झोपलीत, प्रभू त्यांना उठवणार आहे. माझा त्यावर आजही विश्वास आहे. मग ही धडधड कशाची? विश्वास कच्चा म्हणायचा का?

शिवाय चिडचिड वाढलीय. काल सासूबाईंच्या (वय ८२) हातून ताट पडलं तर मी ओरडले. जाऊबाई म्हणाल्या, फादरांना बोलावून तेल लावून घे. त्यांच्यावरही खेकसले, मी काय मरायला टेकलेय?

'प्रार्थना कर' एवढंच कृपया सांगू नका. ती करतेच आहे.

नगरची नर्स:
ताई, मी प्रोटेस्टंट घरातली. ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीच रात्रपाळी. ऑपरेशनच्या आदल्या रात्री न घाबरणारं माणूस क्वचितच पाहिलं, आणि त्यात पाळकही आले.

विश्वास कच्चा म्हणत असाल तर गेथशेमाने बाग आठवा, क्रुसावर जाण्याआधीची येशूची रात्र. तिथे प्रभू स्वतः व्याकूळ झाला. तोंडावर पडून तीनदा तेच मागणं केलं, हा प्याला, म्हणजे हे दुःख, टळू दे. आणि शिष्यांकडे काय मागितलं? माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, तर जाऊन उठवलं. हा भाग मी पेशंटना वाचून दाखवायचे आणि मग खुर्ची ओढून शेजारी बसायचे. नुसतं बसण्याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिलाय.

तुम्ही तीन वाजता एकट्या का जागता? कुणालातरी उठवा. आपल्या बायकांना दुसऱ्याची झोप मोडणं म्हणजे पाप वाटतं. प्रभूने मोडली.

पापडीकर:
तेलाविषयी सांगतो. पूर्वी ते मरणाच्या दारातच देत, म्हणून जुनी माणसं अजून घाबरतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांची सभा, १९६२–६५) हे स्पष्ट केलं की तो आजाऱ्यांचा संस्कार आहे, फक्त मरणाऱ्यांचा नाही. मोठ्या ऑपरेशनआधी घेता येतो, पुढे गरज पडली तर पुन्हाही. जाऊबाईंचं बरोबर आहे.

आता चिडचिड. पंधराव्या शतकात युरोपात मरणाच्या तयारीसाठी छोट्या सचित्र पुस्तिका निघाल्या होत्या. प्लेगच्या साथी लोकांच्या अंगावरून गेलेल्या, फादर प्रत्येक घरी पोचेलच असं नव्हतं. त्यांत मरणाऱ्याला पडणारे पाच मोह दिलेत: विश्वास सुटणं, निराशा, अधीरपणा, गर्व आणि घरादाराचा लोभ. अधीरपणाच्या चित्रात आजारी माणूस अंथरुणातूनच लाथ झाडतोय आणि जवळचं टेबल उलटून भांडी पडलीत. तुमचं ताट वाचलं आणि तेच डोळ्यांपुढे आलं. त्यावरचा सद्गुण दिलाय सहनशीलता. मध्ययुगातले धर्मपंडित संत थॉमस अक्विनासही म्हणतात, चाल करून जाण्यापेक्षा तग धरणं हे धैर्याचं मुख्य काम. म्हणजे भीती जायची वाट बघू नका. सासूबाईंशी आज नीट बोललात तर १८ तारखेची अर्धी तयारी तीच.

सोनचाफा:
दोघांचेही आभार. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर फादरांनी कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. जाऊबाई शेजारी उभ्या होत्या.

सासूबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, अगं, तीनला तर मलाही जाग असते, तुझ्या खोलीतला दिवा दिसतो. मग काल रात्री त्यांच्या पलंगावर बसून दोघींनी रोझरी म्हटली. 'नमो मरिये' मी, 'पवित्र मरिये' त्या. ८२ वर्षांचं माणूस 'आमच्या मरणाच्या वेळी' इतक्या सावकाश म्हणत होतं की मला माझा श्वास सापडला. पाचव्या रहस्याला, म्हणजे शेवटच्या दहा मण्यांना, त्या थांबल्या, म्हणाल्या, आता दुसरा भाग तू घे.

घेतला. दहाही वेळा पूर्ण म्हटला.