'द कॉन्व्हर्सेशन': मोनो की ५.१? आणि सबटायटलचं काय?

कानसेन (धागा)
कोपोलाचा 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४) घरी बघणार असाल तर मूळ मोनो (एकाच चॅनलचा) ट्रॅक लावा, ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) नको. चोरून संभाषणं टिपणारा हॅरी कॉल (जीन हॅकमन) चौकात बोलणाऱ्या एका जोडीचे, तीन ठिकाणच्या मायक्रोफोनांनी टिपलेले तीन टेप जुळवून त्यातून कळण्याजोगा एक आवाज काढतो. तोच आवाज आपण पाच स्पीकरांत पांगवायचा, म्हणजे त्याची सगळी मेहनत पाण्यात. (पुढे रहस्यभेद आहे. सिनेमा पाहिला नसेल तर इथूनच परत फिरा.)

स्पूलवाला
साफ असहमत. ५.१ कुणा परक्याने केलेलं नाही. मूळ ध्वनी रचणाऱ्या वॉल्टर मर्चनेच २००० साली डीव्हीडीच्या वेळी ते केलं. पांगतं काय, तर युनियन स्क्वेअरची (सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या चौकाची) गर्दी आणि संगीतकार डेव्हिड शायरचा पियानो. संवाद मधल्या स्पीकरमध्येच राहतात.
हां, टीव्हीच्या दोन स्पीकरांवर ऐकत असाल तर तुमचं मान्य. तिथे सगळे चॅनल दोनात कोंबले जातात आणि पुटपुट गर्दीत बुडते. रिसीव्हरचा नाइट मोडही बंद ठेवा. तो बारीक आवाज वर उचलतो, मग टेपची खरखर आणि बोलणं एकाच पातळीवर येतं. या सिनेमात तेवढ्याने वाट लागते.

चकारान्त
मोनो-बिनो ठीक, पण खरा घात सबटायटल करतात. हॅरीला शब्द लागायच्या आत खाली ते स्वच्छ छापून आलेले असतात! आणि 'ही'ड किल अस इफ ही गॉट द चान्स' या टेपवरच्या जोडीच्या ओळीचं काय? आधी जोर 'किल'वर, म्हणजे ती दोघं जिवाला घाबरलेली; शेवटी 'अस'वर, म्हणजे तीच त्याला मारायला निघालेली. छापील शब्द दोन्ही वेळा तेच. तिरप्या अक्षरांत 'अस' छापलं तर गुपित फुटलं, नाही छापलं तर वाचणाऱ्याला फरकच कळत नाही. मराठीत तर आणखी पंचाईत. 'आपल्याला मारून टाकेल' आणि 'आपल्यालाच मारून टाकेल' यांत एक 'च' सगळं सांगून जातो.

कानसेन
'च' न लावताही मराठीत नुसत्या आवाजाने जोर देता येतो की. पण सबटायटलबद्दल सहमत. निदान टेपच्या प्रसंगांत रिमोटवरून बंद करा, बाकी ठिकाणी चालू राहू देत.

डिस्कदास
विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. स्टुडिओकॅनालची ब्रिटिश ४के आवृत्ती २०२४ ची, सिनेमाच्या पन्नाशीची. ४के डिस्कला रीजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल याचा कोड) नसतो, त्यामुळे ती भारतातल्या ४के प्लेअरवर चालते. साधी ब्लू-रे मात्र तिकडे रीजन बी, अमेरिकेत ए आणि आपल्याकडे सी. प्लेअर रीजन-फ्री नसेल तर डिस्क आत घेतो आणि संदेश दाखवून गप्प बसतो. टीव्हीवर मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले कण पुसणारी सोय) बंद करा, नाहीतर सुरुवातीच्या त्या लांबलचक झूममध्ये फिल्मचे कण पुसले जाऊन चौकातली माणसं मेणाची दिसतात.

उलटतपासणी
मला तो बदललेला जोरच लबाडी वाटतो. चौकातलं ध्वनिमुद्रण गोंगाटामुळे पुरेसं स्वच्छ नव्हतं, म्हणून मर्चने त्या जोडीचं काम करणाऱ्या सिंडी विल्यम्स आणि फ्रेडरिक फॉरेस्टला शांत बागेत नेऊन संवाद पुन्हा टिपले. तिथे एका टेकमध्ये फॉरेस्टचा जोर 'अस'वर गेला. मर्चने तो बाजूला ठेवला आणि शेवटी वापरला. म्हणजे आपण पुन्हा ऐकतो ते वेगळंच ध्वनिमुद्रण! टेप कधी असा बदलतो का? रहस्यपटाने पुरावा बदलायचा नसतो.

स्पूलवाला
अहो, पण शेवटी ती ओळ वाजते तेव्हा टेप-रेकॉर्डर चालू कुठे असतो? हॅरी त्या दोघांना समोर बघतो आणि वाक्य त्याच्या डोक्यात वाजतं. पुरावा टेपवर आहे तसाच आहे, बदललाय तो ऐकणारा.

उलटतपासणी
मग आधीच्या वेळी 'किल'वरचा जोर टेपवर होता की तोही हॅरीच्या डोक्यातच?