'अस्थी', 'सांगाडा' की 'मानवी अवशेष'?

(बडोद्यातले तिघे बोलताहेत; नावांऐवजी त्यांच्या वस्त्या दिल्या आहेत.)

रावपुरा: बडोद्याला कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे. अशा दालनाचा मराठी फलक लिहायचा तर कोणता शब्द घ्यावा?

दांडिया बाजार: 'अस्थी' नको. तो वाचला की सावडणं आणि विसर्जनच डोळ्यांपुढे येतं. 'सांगाडा' इमारतीचाही असतो, शिवाय ममीत त्वचा, केस, कापड टिकलेलं असतं, म्हणून तोही तोकडा. 'ममी'चं मूळ 'मूमिया', म्हणजे डांबरासारखा पदार्थ. नाव पडलं ते लेपावरून, माणूस त्यात नाहीच. ब्रिटनमधली काही संग्रहालयं आता 'ममी केलेली व्यक्ती' असं लिहितात. मराठीत 'ममी केलेला मानवी देह' छान बसतं.

सयाजीगंज: आपल्याच सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे गुजरातमधल्या देवनीमोरीच्या बौद्ध स्तूपातला करंडक आहे. त्यावर कोरलंय 'दशबलशरीरनिलय', म्हणजे बुद्धाच्या शरीराचं निवासस्थान. आत रक्षा, तरी शब्द 'शरीर'! मला हा फार मोलाचा दाखला वाटतो.

पण फलकापेक्षा जास्त बिघडतं ते नोंदवहीत. 'हाडे, नग ४०' अशी नोंद झाली की पुढच्या आवराआवरीत जबडा एका खोक्यात, मांड्या दुसऱ्यात, आणि एक माणूस दोन ठिकाणी विखुरतो. 'व्यक्ती १, हाडे ४०' लिहा, प्रत्येक पुडीत तोच क्रमांक घाला. डाव्या मांडीची हाडं दोन निघाली, तर व्यक्ती किमान दोन. यालाच 'किमान व्यक्तिसंख्या' म्हणतात.

दांडिया बाजार: कवटी वेगळ्या खोक्यात, आम्लमुक्त कागदाच्या गादीवर ठेवावी. नुसता कापूस नको, त्याचे तंतू खरबरीत हाडात अडकतात. उचलताना दोन्ही तळवे खाली हवेत. डोळ्यांच्या खोबणीत बोटं घातली की आतलं कागदासारखं पातळ हाड तुटतं. सुटे दात वेगळ्या पुडीत, पण त्याच खोक्यात.

रावपुरा: आणि 'पूर्वज'?

सयाजीगंज: समाज माहीत असेल तर जरूर. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. तिथल्या नागा अवशेषांना नागा लोक 'पूर्वजांचे अवशेष' म्हणतात, तेव्हा आपणही तसंच म्हणावं. 'पितर' मात्र नको, तो शब्द थेट श्राद्धात नेतो.

दांडिया बाजार: 'मानवी अवशेष' दालनाच्या दारावर ठेवा: 'आत मानवी अवशेष आहेत.' ज्याला पाहायचं नाही तो तिथूनच वळेल. आतल्या फलकावर 'देह' किंवा 'व्यक्ती'. 'नमुना' आणि 'वस्तू' हे दोन शब्द दोन्हीकडून खोडा.