समुद्राजवळच्या घराला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या: लावाव्यात का?

गुहागरी_माड: गुहागरला आमचं जुनं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. लाकडी चौकटी वाळवीने खाल्ल्या, लोखंडी गज कितीही रंगवा, पापुद्रे सुटतातच. गवंडी म्हणतो, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवा, गंजायची भानगडच नाही. आई म्हणते, ते हलकं, तकलादू. खाऱ्या वाऱ्यात कुणाचा अनुभव?

सेक्शनवाला: माझं कामच हे. ‘गंजत नाही’ हे अर्धंच खरं. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. पण मीठ बसून राहिलं की त्या थराला बारीक खड्डे पडतात, पांढरी भुकटी दिसायला लागते. म्हणून किनाऱ्यावर उघडा सेक्शन (चौकटीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी) नको. २५ मायक्रॉनचं अ‍ॅनोडायझिंग (तोच ऑक्साइडचा थर विजेने जाड केलेला) मागा, नाहीतर चांगलं पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग. पावसाळा सोडून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

खरा घोळ स्क्रूत होतो. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, की झाली बॅटरी! साधा लोखंडी स्क्रू स्वतः गंजतो आणि भोकाभोवतीचं अ‍ॅल्युमिनियमही खातो. ३१६ स्टेनलेसचे (खाऱ्या हवेत टिकणारी जात) स्क्रू आणि नायलॉनचे वॉशर लिहून घ्या. कोटेशनमध्ये हे कुणी आपणहून लिहीत नाही.

काटकोन: आईंचं अगदीच चूक नाही हं. वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच कमी. पातळ सेक्शनची मोठी खिडकी वादळी वाऱ्यात थरथरते. जाडी स्वतः मोजून घ्या.

पडवी: आमच्याकडे गिलाव्याआधीच फ्रेमवरची संरक्षक टेप काढली. ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातं, हे तेव्हा कळलं. डाग आजही तसेच आहेत.

सेक्शनवाला: बरोबर. शिवाय हा धातू उन्हात लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतो. दोन मीटरच्या पट्टीला ३० अंशांच्या फरकात दीड मिलिमीटरच्या आसपास. कडेला फट ठेवून सिलिकॉन भरायचं, सिमेंटने घट्ट बुजवायचं नाही.

गुहागरी_माड: आईला सगळं वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न: “आणि गज कशाचे?”

सेक्शनवाला: स्टेनलेसचे, थेट भिंतीत. फ्रेमला त्यांचा स्पर्श होऊ देऊ नका.