वॉशिंग्टनपेक्षा ग्रीन सरस सेनापती होता

रानवाट
अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की सेनापती म्हणून एकच नाव घेतलं जातं, वॉशिंग्टन. पण त्याच्या लढाया बघा. ऑगस्ट १७७६, लाँग आयलंड: जमैका खिंड जवळपास मोकळी सोडली आणि इंग्रज सेनापती हाऊ रातोरात तिथून पिछाडीला उतरला. सप्टेंबर १७७७, ब्रँडीवाइन: समोर नुसता देखावा, मुख्य फौज वरच्या उतारावरून नदी ओलांडून बगलेत. तोच हाऊ, तोच डाव!

आता वॉशिंग्टनच्याच हाताखालचा सेनानी नॅथॅनियल ग्रीन. डिसेंबर १७८० मध्ये त्यानं दक्षिणेची सूत्रं घेतली तेव्हा चार्ल्सटन पडलं होतं, कॅमडेनला आधीचा अमेरिकन सेनापती गेट्स याची फौज उधळली होती आणि खुद्द गेट्स घोड्यावरून साडेतीन दिवसांत १८० मैल मागे पोचला होता. ग्रीननं उरलेल्या अर्धपोटी फौजेचे दोन भाग केले. वरचढ शत्रूसमोर फौज फोडू नये, हे कुणीही सांगेल. पण सगळ्यांना एका जागी पुरेल इतकं धान्यच नव्हतं, शिवाय त्यामुळे दक्षिणेतला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस यालाही आपली फौज फोडावी लागली. काउपेन्सला ग्रीनच्या मॉर्गननं कॉर्नवॉलिसच्या टार्लटनचा फडशा पाडला. कॉर्नवॉलिस इतका पेटला की पाठलागात वेग यावा म्हणून रॅमसोर्स मिलला त्यानं स्वतःच्या सामानाच्या गाड्या जाळल्या, रमही ओतून टाकली. ग्रीन फेब्रुवारी १७८१ मध्ये डॅन नदीपार, कॉर्नवॉलिस अलीकडच्या काठावर. पुढे गिलफर्डचं मैदान इंग्रजांनी मारलं खरं, पण सुमारे १९०० पैकी पाचशेहून जास्त माणसं गमावून.

तोफखाना
फोर्ट वॉशिंग्टन सोयीस्कर विसरलात. नोव्हेंबर १७७६ मध्ये तो किल्ला धरून ठेवावा हा सल्ला ग्रीनचाच. सुमारे २८०० माणसं कैद झाली. तरी वॉशिंग्टननं त्याला दूर केलं नाही. दक्षिणेत सेनापती बेंजामिन लिंकन आणि गेट्स अमेरिकन काँग्रेसनं नेमले, दोघेही बुडाले; निवड वॉशिंग्टनवर सोपवली तेव्हा त्यानं ग्रीनला पाठवलं.
आणि ट्रेंटन? बऱ्याच शिपायांची मुदत वर्षअखेरीस संपत होती. चार दिवसांनी फौजच उरली नसती. अशा वेळी २६ डिसेंबरला गोठत्या डेलावेअर नदीपलीकडे जाऊन त्यानं इंग्रजांचे सुमारे ९०० हेसियन, म्हणजे भाडोत्री जर्मन शिपाई पकडले. १७७७ मध्ये फौजेला देवीच्या फोडातला अंश टोचून घेतला, ते वेगळंच.

फुरसती
ग्रीनला +१. थोडक्यात आपला गनिमी कावाच की!

रानवाट
अर्धवट. छापे घालणारे वेगळे: मॅरियन, सम्टर, पिकन्स हे स्थानिक अमेरिकन सरदार. ग्रीनकडे मेरिलँड-डेलावेअरचं कसलेलं पायदळ होतं. तो इंग्रजांच्या मोठ्या फौजेला गुंतवून ठेवायचा, तेवढ्यात मॅरियन आणि ग्रीनचा घोडदळवाला ली यांनी इंग्रजांचा फोर्ट वॉटसन घेतला. कशानं? तोफा नव्हत्या, म्हणून लाकडाचा मनोरा रचून वरून आत गोळ्या झाडल्या. हॉबकर्क्स हिलला ग्रीन हरला, तरी रसद तुटायच्या धास्तीनं पंधरवड्यात इंग्रज सेनानी रॉडननं कॅमडेन सोडलं.

खलाशी
दोघांचं कौतुक चालू द्या. कॉर्नवॉलिस शेवटी शरण आला ते यॉर्कटाउन जिंकलं फ्रेंच आरमारानं. ५ सप्टेंबर १७८१ ला फ्रेंच आरमारप्रमुख द ग्रासनं चेसापीक उपसागराचं तोंड अडवलं नसतं तर कॉर्नवॉलिस जहाजांत बसून निघून गेला असता. वॉशिंग्टनचा डोळा तर न्यूयॉर्कवर होता, दक्षिणेकडे वळवलं फ्रेंच सेनापती रोशाँबोनं.

दक्खनी
जरा अवांतर. हाच कॉर्नवॉलिस १७९१ मध्ये टिपूवर चालून गेला. श्रीरंगपट्टणाजवळ रसद संपली, बैल मेले, वेढ्याच्या तोफा स्वतःच फोडाव्या लागल्या. माघारीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज भेटली. मराठ्यांच्या बाजारात धान्य होतं, अर्थात चढ्या भावानं. दहा वर्षांपूर्वी कॅरोलायनात गाड्या जाळल्यावर असा बाजार कुठला मिळायला!

तोफखाना
म्हणजे सगळा खेळ रसदीचा. ग्रीन ते कुठे शिकला? १७७८ पासून तो फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे सामान-वाहतुकीचा प्रमुख होता. त्याला ते पद नको होतं, गळ घालून बसवलं वॉशिंग्टननं.

रानवाट
बसवलं, मान्य. पण ती माणसाची पारख झाली. डॅनचे उतार आणि होड्या आधीच बघून ठेवायला आपला अधिकारी कॅरिंग्टन याला पाठवलं ते ग्रीननं, वॉशिंग्टननं नव्हे.