गेलेल्या भाडेकरूची किल्ली : कार्यालयातील संगणकाविषयी ग्रुपवरील चर्चा

सचिव (अ-१०१), सकाळी ९.१०
सर्व सभासदांना नमस्कार. सोसायटीच्या कार्यालयातील संगणकावर क्रोम आणि ईमेलसाठी वापरले जाणारे थंडरबर्ड हे दोन्ही प्रोग्राम बरेच दिवस ‘पुन्हा सुरू करा’ असे सुचवत आहेत. देखभाल शुल्काच्या पावत्यांचे काम चालू असल्यामुळे हिशेबनीसांनी ते पुढे ढकलले. थंडरबर्डच्या माहितीत ‘मेमरी सेफ्टी’चे दोष दूर केल्याचा उल्लेख दिसतो. मेमरी कमी पडत असेल तर नवी रॅम घ्यावी लागेल का आणि खर्च किती येईल, हे जाणकारांनी कळवावे, म्हणजे रविवारच्या सभेत विषय घेता येईल.

ब-३०४, सकाळी ९.३२
सचिवसाहेब, रॅमचा येथे काही संबंध नाही आणि एक रुपयाही खर्च नाही. मात्र रविवारपर्यंत थांबू नये, अशी मनापासून विनंती आहे. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल निर्यातीच्या एका कार्यालयात मी संगणकांची व्यवस्था पाहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

येथे मेमरी किती आहे हा प्रश्न नसून, प्रोग्राम तिच्यातील जागा कशा वापरतो हा प्रश्न आहे. समजा, एका सदनिकेतील भाडेकरूंनी दूधवाल्याला किल्ली देऊन ठेवली आहे आणि आत टेबलावर चिठ्ठी असेल त्याप्रमाणे वागायचे, असे ठरले आहे. भाडेकरू घर सोडून गेले, आपल्या नोंदवहीत सदनिका ‘रिकामी’ झाली, पण किल्ली कोणी परत मागितली नाही. आता त्या रिकाम्या घरात कोणी परका शिरला आणि त्याने स्वतःची चिठ्ठी टेबलावर ठेवली, तर दूधवाला तीच खरी मानून तिच्यातील सूचना पाळणार. प्रोग्रामने सोडून दिलेल्या जागेचा पत्ता प्रोग्रामच्याच दुसऱ्या भागाकडे राहून जातो आणि तो भाग नंतर त्या पत्त्यावर जाऊन जे सापडेल ते आपलेच समजतो, तेव्हा नेमके हेच घडते. तज्ज्ञ या दोषाला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे नेमून दिलेल्या जागेपेक्षा अधिक माहिती भरली गेल्याने ती शेजारच्या जागेत सांडणे. क्रोम ज्यावर उभे आहे त्या क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये जाहीर केले होते की, त्यांच्याकडील गंभीर सुरक्षा दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीशी निगडित होते आणि त्यांतील निम्मे या राहून गेलेल्या किल्लीच्या जातीचे होते.

ब-१०२, सकाळी ९.५१
ताई, समजावून सांगितलेत, आभारी आहे. परंतु मी अनोळखी लिंक कधीच उघडत नाही, अँटिव्हायरसचे पैसेही दरवर्षी भरतो. मग हा धोका माझ्यापर्यंत येतो कसा?

ब-३०४, सकाळी १०.१५
काका, आपली सवय उत्तम आहे, ती सोडू नका. पण या दोषांत चूक आपली नसते, प्रोग्रामची असते, आणि म्हणूनच केवळ आपल्या सावधपणाने ती भरून निघत नाही. सप्टेंबर २०२३ मधील उदाहरण सांगते. वेबपी प्रकारची चित्रे उलगडून दाखवणाऱ्या ‘लिबवेबपी’ या तयार कोडच्या संचात दोष सापडला. मुद्दाम तशी रचना केलेले चित्र उलगडताना माहिती नेमलेल्या जागेबाहेर लिहिली जात होती. ॲपलचा सुरक्षा विभाग आणि टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब हा संशोधन गट यांनी तो कळवला, आणि त्याचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे गूगलने मान्य केले. हा एकच संच क्रोम, फायरफॉक्स व एज हे ब्राउझर आणि थंडरबर्ड या सर्वांत बसवलेला असल्यामुळे सर्वांनाच घाईने दुरुस्ती द्यावी लागली. चित्र नुसते दिसले तरी ते उलगडले गेलेले असते. त्यासाठी कोणतीही फाईल उतरवून घ्यावी लागत नाही. अँटिव्हायरसला असे सर्व प्रकार ओळखता येतीलच, असे नाही.

थंडरबर्डविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, नाहीतर विनाकारण भीती पसरेल. त्यात मेल वाचताना स्क्रिप्ट, म्हणजे मेलमध्ये दडलेले छोटे प्रोग्राम, बंद असतात, त्यामुळे असे बहुतेक दोष केवळ मेल वाचल्याने वापरता येत नाहीत, असे थंडरबर्ड व फायरफॉक्समागील मोझिला ही संस्था स्वतःच आपल्या सूचनांत नमूद करते. पण चित्र उलगडण्यासाठी स्क्रिप्ट लागत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

अ-४०२, सकाळी १०.२८
विजापूर रस्त्यावरील आपल्या साध्या सोसायटीच्या मागे एवढ्या कौशल्याचे लोक कशाला लागतील? येथे पैसे जातात ते ओटीपी सांगितल्यामुळे.

ब-३०४, सकाळी १०.५०
दादा, ओटीपीबद्दल आपले म्हणणे खरे आहे. अपडेट केल्याने तो धोका टळत नाही, आणि तशी फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे लागते. नव्याने सापडलेले महागडे दोष सुरुवातीला बहुधा निवडक लोकांविरुद्धच वापरले जातात, हेही मान्य. पण दुरुस्ती जाहीर झाली की परिस्थिती बदलते. क्रोमियम आणि फायरफॉक्स यांचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे काय बदलले हे पाहून मूळ भोक कोठे होते ते हुडकता येते. म्हणूनच बहुतेकांचे अपडेट होईपर्यंत गूगल दोषाचा तपशील झाकून ठेवू शकते, आणि हे मधले अंतर कमी व्हावे यासाठी क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षा अपडेट देण्यास सुरुवात केली. त्यानंतर मागे राहिलेल्या संगणकाचा मालक कोण आहे, हे पाहण्याची कोणाला गरज उरत नाही.

मंगळवारी टँकरची पावती घेण्यासाठी मी कार्यालयात गेले होते. संगणकावर चादरीचा तुकडा व्यवस्थित झाकलेला होता. तो उचलला तर खाली संगणक चालूच होता आणि क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातील खूण लाल झालेली होती. खूण हिरवी असेल तर अपडेट दोन दिवसांच्या आतले, नारिंगी असेल तर सुमारे चार दिवसांपूर्वीचे आणि लाल असेल तर किमान आठवडाभर जुने असते. नवी आवृत्ती पार्श्वभूमीला उतरून तयार असते, पण क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ती लागू होत नाही. हिशेबनीसकाका यंत्र जपतात याचे मला कौतुकच आहे, फक्त झाकण्यापूर्वी ते बंद करावे. त्या संगणकात आपल्या सर्वांचे भाडेकरार आणि आधारच्या प्रती आहेत.

क-२०३, सकाळी ११.०५
एवढ्या मोठ्या कंपन्यांना हे दोष एकदाच कायमचे का दूर करता येत नाहीत?

क-३०१, सकाळी ११.४०
काकू, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, याचे उत्तर मी देतो. ब्राउझरच्या कोट्यवधी ओळींतील मोठा भाग सी आणि सी++ या भाषांत आहे, आणि तेथे जागा कधी घ्यायची व कधी सोडायची याचा हिशेब बहुतांशी प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठेवायचा असतो. मोझिलाच्या पाठबळाने वाढलेल्या आणि मे २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेत हा हिशेब कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन, तपासतो आणि किल्ली मागे राहण्याची शक्यता दिसली तर प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ मध्ये पानाची सजावट ठरवणारा भाग रस्टमध्ये नव्याने लिहून बसवला गेला. सर्व जुना कोड बदलणे अशक्यप्राय असले, तरी नवा कोड सुरक्षित भाषेत लिहिल्याने किती फरक पडतो हे अँड्रॉइडमध्ये दिसले आहे. तेथे सुरक्षा दोषांतील मेमरी दोषांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला.

सचिव (अ-१०१), दुपारी १.२०
ताईंनी लिहिल्याप्रमाणे दोन्ही प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केले. दहा मिनिटेही लागली नाहीत. क्रोममधील उघडी पाने परत आली, पावतीचा एक अर्धवट अर्ज मात्र पुन्हा भरावा लागला. ‘हेल्प’मधील ‘अबाउट’ उघडून दोन्ही अद्ययावत असल्याची खात्री केली आहे. यापुढे दर शनिवारी संगणक बंद करण्यापूर्वी हे पाहण्याचे काम हिशेबनीसांकडे दिले आहे.

ब-१०२, दुपारी १.४५
माझ्या घरच्या संगणकात ‘अबाउट’ उघडले तर आवृत्ती १०९ दिसते आणि पुढे काहीच होत नाही. विंडोज ७ आहे. पेन्शनचे खाते मी यावरच पाहतो.

ब-३०४, दुपारी १.५२
काका, विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती तीच आहे. फेब्रुवारी २०२३ मधील ११० पासून क्रोमने विंडोज ७ सोडले आणि मायक्रोसॉफ्टने तर जानेवारी २०२० मध्येच त्याची देखभाल थांबवली होती. त्यामुळे क्रोमने विंडोज ७ सोडल्यापासून सापडलेले क्रोमचे दोष आपल्याकडे तसेच उघडे आहेत. कृपया आजपासून पेन्शनचे खाते त्या संगणकावर उघडू नका आणि खात्याचा पासवर्ड दुसऱ्या, अद्ययावत उपकरणावरून बदला. मी सायंकाळी साडेसहाला घरी येते. संगणक नव्या प्रणालीला झेपेल का ते आपण पाहू, आणि तोवर मोबाईलमधील प्ले स्टोअर उघडून क्रोम आणि इतर ॲपमध्ये वेबपाने दाखवणारे वेबव्ह्यू ही दोन्ही अपडेट करून ठेवा.