जुन्या स्प्लेंडरला डिस्क ब्रेक बसवू का?

डिस्कच्या नादाला आत्ता लागू नको रे, फोर्क, हब, मास्टर सिलिंडर सगळंच बदलत बसशील. माझ्या स्प्लेंडरचा पुढचा १३० मिमीचा ड्रम ब्रेक, पावसात फोंड्याहून म्हापशाला जाताना पहिले दोन ब्रेक नुसते हवेत! उघडला तर लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचा घासणारा थर, काचेसारखे गुळगुळीत, आत लाल मातीचा गाळ, शू फाकवणारा कॅम गंजून जाम. नवे शू, नवी केबल, कॅमच्या दांड्याला बोटभर नाही, टिपकाभर ग्रीस, लायनरला लागता कामा नये, बास. ड्रमला चर असतील तर लेथवर घासून घे, पण हबवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे नको. धूळ तोंडाने फुंकू नकोस हां, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पूस. आणि नवे शू ड्रमला घासून नीट बसेपर्यंत अनमोड घाटात जाऊ नको.