मांडीतला रॉड: स्टील आणि टायटॅनियम यांतला फरक हाडाच्या पेशींना कळतो का?

वणीकर:
कापसाच्या बंडीवरून पडल्याने माझ्या वडिलांचे मांडीचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करून त्यात स्टीलचा रॉड बसवण्यात आला. आता भेटायला येणारा प्रत्येक जण "टायटॅनियम का नाही टाकले, लोखंड आत गंजते" असे सांगून जातो. पावसात धुऱ्यावर राहिलेल्या वखराच्या पासेला दोन दिवसांत गंज चढतो हे बाबांनी आयुष्यभर पाहिले असल्याने त्यांनाही ते पटू लागले आहे. हाड तयार करणाऱ्या पेशींना या दोन धातूंतला फरक खरोखर जाणवतो का, आणि जाणवत असेल तर तो कशामुळे?

भट्टीवाला:
वणीकर भाऊ, मी धातुशास्त्र शिकवतो, म्हणून आधी गंजाचे सांगतो. वखराची पास साध्या पोलादाची असते. शस्त्रक्रियेसाठी वापरल्या जाणाऱ्या ३१६ एल स्टीलमध्ये सुमारे १७ ते १९ टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर बसून आतल्या धातूचे रक्तातील क्षारांपासून रक्षण करतो. टायटॅनियमवरही असाच, काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो आणि तो त्याहून टिकाऊ असतो. म्हणजे उघड्या धातूशी पेशीची गाठ सहसा पडतच नाही. रोपण, म्हणजे शरीरात बसवलेला धातूचा भाग, आत जाताच काही क्षणांत रक्तातील प्रथिने त्या ऑक्साइडवर चिकटतात, आणि मागाहून आलेली ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड तयार करणारी पेशी, आपल्या इंटिग्रिन नावाच्या रेणूंनी त्या प्रथिनांना धरते. पकड चांगली बसली तर ती पसरते, कोलॅजन हे हाडाचे तंतुमय प्रथिन घालते आणि त्यावर कॅल्शियम फॉस्फेट साचते. पकड बसली नाही तर ती गोल राहून बहुधा मरते. टायटॅनियमवर हाड थेट येऊन बसते, हे स्वीडनमधील संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण निघेना तेव्हा लक्षात आले. स्टीलभोवती मात्र बऱ्याचदा तंतुमय ऊतीचा पातळ थर तयार होतो. (बाजारात टायटॅनियम म्हणतात ते अनेकदा ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेले मिश्रधातू असते, व्हॅनेडियमचे आयन पेशींना घातक ठरू शकतात, म्हणून काही मिश्रधातूंत त्याऐवजी नायोबियम घालतात.)

ओटीतली ताई:
तो तंतुमय थर म्हणजे दोषच, असे मात्र समजू नये. जुनी टायटॅनियमची प्लेट काढताना स्क्रूच्या डोक्याच्या खाचा झिजून गुळगुळीत होतात आणि स्क्रू तसूभरही हलत नाही, हे मी ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलाशेजारी उभी राहून कितीदा तरी पाहिले आहे. मोडलेले हाड जुळले की रॉडचे काम संपते, त्यामुळे तिथे हाडाने धातूला घट्ट धरण्याची गरज नसते. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तरुण मुलांचे सांधे बदलावे लागतात. तिथे गोष्ट वेगळी असते, कारण सिमेंटशिवाय बसवलेला सांधा हाडानेच आयुष्यभर धरून ठेवायचा असतो, आणि म्हणून खडबडीत पृष्ठभागाचे टायटॅनियम निवडतात.

भट्टीवाला:
ताईंच्या म्हणण्याला एक जोड देतो. हाडाच्या आत राहणाऱ्या ऑस्टिओसाइट पेशी भार ओळखतात. मांडीच्या हाडाच्या कठीण भागाची ताठरता साधारण १० ते ३० गिगापास्कल (ताठरता मोजण्याचे एकक), टायटॅनियमच्या मिश्रधातूची ११० च्या आसपास आणि स्टीलची १९० ते २०० असते. जोडीतला एकच बैल सगळे ओढू लागला की दुसरा ढिला पडतो; तसे ताठर धातूने भार स्वतःवर घेतला की शेजारचे हाड विरळ होऊ शकते. म्हणून डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, सांगतील तेवढेच वजन बाबांनी पायावर टाकावे.

वणीकर:
बाबांना घड्याळाच्या पट्ट्याच्या धातूने मनगटाला खाज सुटते. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

ओटीतली ताई:
भाऊ, ती निकेलची ॲलर्जी असू शकते, आणि ३१६ एल मध्ये १३ ते १५ टक्के निकेल असते. कातडीला खाज येते म्हणून हाडालाही त्रास होईलच असे नाही, पण पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हे न चुकता सांगा. जखमेभोवती सूज, पाणी येणे किंवा वाढत जाणारे दुखणे दिसले तर त्या तारखेची वाट पाहू नका.